परांचीवरची चक्कर

दादा,

परांचीवर मला गरगरलं आणि मी बांबू धरून खाली बसलो, तेव्हा सगळ्या रंगाऱ्यांसमोर तू माझं तोंड हुंगलंस. वास रंगाचा होता. तरी "सकाळी सकाळी ढोसून येतो" म्हणत मला कामावरून काढलंस. मी दारूला शिवत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पुढे तीन डॉक्टर झाले. कान तपासले, मेंदूचा फोटो काढला, काही सापडेना. चौथ्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक चक्कर महिनाभर वहीत लिहायला लावली. वही वाचून म्हणाल्या, "हा मायग्रेनच आहे. यात दरवेळी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. घरात आणखी कोणाला होतं?" आता गोळ्या घेऊन मी सरळ चालतो.

काल वहिनींचा फोन आला. तू भिंत धरून चालतोस, तुला उजेड सोसत नाही आणि तपासण्यांत काही निघत नाही म्हणे. बिचाऱ्या रडत होत्या. "भावजी, काय करू हो?"

डॉक्टरीणबाईंचा पत्ता माझ्या खिशातच होता. हे पत्र पाठवलं तर तो इथे लिहावा लागेल, म्हणून मी ते पाठवणार नाही.

फोनवर मी एवढंच म्हणालो, "वहिनी, आधी दादाचं तोंड हुंगून बघा."

तुझाच,
धाकटा