जुन्या मशीनचा जाणकार

बुधवार, १७ सप्टेंबर १९९७. संध्या. ७.१०
नोटीस लागली. ऑफिसातल्या सर्वांची कॉम्प्युटरची परीक्षा, १३ ऑक्टोबर, सकाळी अकरा. नापास होणाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा गांभीर्याने विचार करावा, असं रणपिसेसाहेबांच्या सहीने. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आमची.

नोटीस दोनदा वाचली. घाबरलो नाही. पाणी प्यायला चारदा उठलो ते उकाड्यामुळे.

वय एक्कावन्न. पंप बनवणाऱ्या या कंपनीत सत्तावीस वर्षं, आवक-जावक विभाग. आलेलं आणि गेलेलं प्रत्येक पत्र माझ्या अक्षरात नोंदलेलं आहे. दुसरं काही येत नाही, म्हणजे यायची कधी गरज पडली नाही. मुलगी सृष्टी यंदा दहावीला. आत्ता घरी बसून चालणार नाही.

निश्चय: रोज पहाटे पाच ते सहा कॉम्प्युटरचा अभ्यास. भाग्यश्रीला सांगितलं. तिने विचारलं, कशावर करणार? बायकांना नको तो तपशील बरोबर सुचतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर
पाचला उठलो. घरात कॉम्प्युटर नाही. साडेपाचला झोपलो.

सोमवार, २२ सप्टेंबर. संध्या. ६.४५
शिकवायला नाजिमा शेख नावाची मुलगी नेमली आहे. वय चोवीस. रोज चार ते पाच, काचेच्या खोलीत. आवाज मऊ, पण सोडत नाही. तिने मला माउस धरायला दिला. धरला. ती म्हणाली, काका, उचलायचा नाही, टेबलावरच ठेवायचा. माउस पुढे सरकवला की बाण वर जातो. पुढे म्हणजे वर का, हे कोणी विचारत नाही. मी विचारलं. तिने फक्त माझा हात धरून टेबलावर ठेवला.

हात थंड होता असं ती म्हणाली. खोलीला एसी आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर
भयंकर प्रकार. नाजिमा चहाला गेली होती. मी एकटाच होतो. काहीतरी दाबलं गेलं. पडद्यावर मजकूर आला की इल्लीगल ऑपरेशन झालेलं आहे आणि आता बंद करण्यात येईल. कोणाला, ते पुढे वाचायची हिंमत झाली नाही.

आजवर वाहतुकीचा सिग्नलसुद्धा मोडलेला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो, म्हणजे कोणी आलंच तर हात लांब होते हे दिसावं. मग हळूच उठलो, छत्री घेतली आणि घरी आलो. पाच वाजायला वीस मिनिटं होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लवकर निघालो.

भाग्यश्रीला काही सांगितलं नाही. दार वाजलं तेव्हा आतल्या खोलीत गेलो. दूधवाला होता.

गुरुवार, २५ सप्टेंबर
कोणी आलं नाही. नाजिमा म्हणाली, काका, ते रोजच येतं, ओके म्हणायचं आणि सोडून द्यायचं. गुन्हा रोजच होतो म्हणून ओके म्हणायचं, ही यांची नवी पिढी.

निर्णय घेतला आहे. पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नवीन काही सुरू करत नाहीत. शिकणं हेही नवीनच. तेव्हा घटस्थापनेपर्यंत क्लासला जाणार नाही. शास्त्राला धरून आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर. दुपारी
कँटीनमध्ये विषय निघाला. परीक्षेचं नाव काढलं की सगळे डब्यात डोकं घालत होते. कोणीतरी धीर द्यायला हवा होता. मी बोललो.

म्हटलं, ही नवी मशीनं ठिसूळ. खरा कॉम्प्युटर जुना. काळा पडदा, हिरवी अक्षरं, डोळ्यांना थंड. त्यात बाण नाही, माउस नाही, बेकायदेशीर काही नाही. फ्लॉपी हातभर मोठी, मधे भोक, आतली तबकडी उघड दिसते, लपवाछपवी नाही. आजची फ्लॉपी इवलीशी, आणि तिला लोखंडी झाकण. झाकण कशाला लागतं? ज्याच्या मनात काही असतं त्याला.

सगळे ऐकत होते. स्टोअर्सच्या संभाजीने विचारलं, टिल्लूसाहेब, तुम्ही वापरलाय का तो? मी म्हटलं, हाताळलाय. १९८९ साली साहेबांच्या केबिनमध्ये होता. काचेतून रोज दिसायचा. निरीक्षण हाही अनुभवच असतो.

घरी येईपर्यंत माझी भीती थोडी उतरली होती. हा उपाय चांगला आहे. अधूनमधून मत द्यावं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. घटस्थापना
सुट्टी. आजपासून नवीन सुरू करायला हरकत नाही. बुधवार पेठेत गेलो. कॉम्प्युटर विचारला. दुकानदाराने माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाला, तुम्हाला तो नको. मग एक खोका काढला. टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम, पण त्याला पूर्ण कीबोर्ड आहे. खोक्यावर पदवीची टोपी घातलेलं पोर. मी विचारलं, हा कॉम्प्युटर आहे का? तो म्हणाला, कीबोर्ड आहे, पडदा आहे, तुम्हाला आणखी काय हवंय? घेतला.

घरी लावला. माझं ठाम मत: हा कॉम्प्युटरपेक्षा श्रेष्ठ आहे. कारणं. बटण दाबलं की लगेच सुरू होतो, वाट बघायला लावत नाही. पासवर्ड मागत नाही. गेमची कॅसेट चालली नाही तर बाहेर काढून तिच्या तोंडावर फुंकर मारायची, की चालते. यापेक्षा सोपी दुरुस्ती जगात नाही. आणि सर्वांत मोठं म्हणजे बंद केला की त्याला काही आठवत नाही. काही जपून ठेवत नाही. माणसाने केलेली चूक तिथेच संपते. यंत्र असं असावं.

सृष्टीने बघितलं आणि म्हणाली की बाबा, हे आमच्या वर्गातल्या मुलांकडे चौथीत होतं. तिला वाटतं मी खेळतोय.

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी १०
टायपिंगचा एक गेम आहे. वरून अक्षरं पडतात. ती जमिनीवर पोचायच्या आत तीच अक्षरं दाबायची. नाही दाबली की स्फोट. मागे संगीत, ते वेग धरत जातं. काल तिसऱ्या पायरीला एच आलं, ते मला कीबोर्डवर सापडेना, तेवढ्यात मागून आणखी पाच अक्षरं आली. मी चक्क ओरडलो. भाग्यश्री पोळपाट घेऊनच बाहेर आली. तिने विचारलं काय झालं. म्हटलं, अभ्यास.

तिने टीव्ही बंद केला, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, अहो, नको ती परीक्षा, बघू काहीतरी. ती असं बोलली की जास्त भीती वाटते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
क्लासला गेलो. नाजिमाने परीक्षेचा क्रम सांगितला. मशीन सुरू करणं, चार ओळींचं पत्र टाइप करणं, फ्लॉपी आत घालून ते पत्र तिच्यात सेव्ह करणं, बंद करणं. बस. मी विचारलं, सेव्ह कशाला? माझ्या घरच्या मशीनला लागत नाही. तिने विचारलं, काका, घरी कुठला आहे? मी विषय बदलला. जुन्या मशीनबद्दल बोललो, पंधरा मिनिटं. ती नम्रपणे ऐकत होती. दारात रणपिसेसाहेब उभे होते, ते मला नंतर कळलं. तेही ऐकत होते. मान हलवून गेले.

पत्र टाइप करता आलं. वीस मिनिटं लागली. नाजिमा म्हणाली, छान, पास व्हाल. हे लिहून ठेवतो. पास व्हाल असं ती म्हणाली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
यादी लागली. मी चार नंबरच्या मशीनवर. नाजिमाने चार नंबरवर सराव दिला नव्हता, दोनवर दिला होता. दोन मला ओळखतं. चार ओळखत नाही. दिवसभर मन लागलं नाही, एका पत्राची नोंद दोनदा केली. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. खंडेनवमी
कारखान्यातल्या सगळ्या मशीनांची आज दुपारी चारला पूजा. लेथला, प्रेसला, टाइपरायटरला, ट्रकला हार. कॉम्प्युटरना फक्त वरून एकेक फूल ठेवायचं, असं नाजिमाने सांगितलं होतं. फूल म्हणजे काय पूजा? असल्या कोरड्या पूजेवर कोण प्रसन्न होणार?

मी सकाळी साडेआठलाच गेलो. खोलीत कोणी नव्हतं. चार नंबरसमोर उभा राहिलो. हळद-कुंकू नीट लावलं, बोट ओलं करून. हार घातला. समोर एक आडवी फट आहे, तोंडासारखी. तिथे अक्षता वाहिल्या. बऱ्याच आत गेल्या. नैवेद्य पोचला असं वाटलं. हात जोडून सांगितलं की बाबा रे, सोमवारी सांभाळून घे, पोरगी दहावीला आहे.

डोळ्यांत पाणी आलं, ते उदबत्तीने. सगळं आवरून, फटीभोवतालचं कुंकू रुमालाने पुसून टेबलावर येऊन बसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मन शांत आहे. बाकीच्यांनी हे केलेलं नाही. मला वाटतं, पहिला येईन.

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी २
डबा उघडला नाही, आधी हे लिहितो.

मशीन सुरू केलं. पत्र टाइप केलं, सतरा मिनिटांत. मग फ्लॉपी घालायची वेळ आली. ती अर्धी गेली आणि अडकली. मला लगेच कळलं कशाने. दुसऱ्या कोणाला कळणं शक्य नव्हतं.

बाहेर काढली. वाटलं, कॅसेटचा उपाय करावा. फटीला तोंड लावून जोरात फुंकर मारली. आतून तांदळाचा आवाज आला, डब्यात येतो तसा, आणि तो आणखी आत गेला. पुन्हा मारली. माझ्या नाकावर आतली हळद उडाली. खोलीत सगळ्यांचं टाइपिंग थांबलं होतं.

नाजिमा आली. वाकून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या नाकाकडे. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, काका, तुम्ही बाहेर बसा जरा. चिमट्याने ती एकेक दाणा काढत होती आणि कागदावर ठेवत होती. मी काचेतून बघत होतो.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. संध्या. ६
साहेबांनी बोलावलं. टेबलावर तो कागद, त्यावर अक्षता. साहेबांनी विचारलं, टिल्लू, हे आपण वाहिलंत का? मी हो म्हटलं. आणि जीभ सुटली. म्हटलं, साहेब, आपल्या ऑफिसचा टाइपरायटर सत्तावीस वर्षं हळद-कुंकू घेतोय, त्याने कधी तक्रार केली नाही. ही नवी मशीनं नाजूक. जुन्या काळ्या मशीनने एवढ्या अक्षता सहज पचवल्या असत्या. त्यांची बांधणीच वेगळी.

साहेबांनी अक्षतांचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, कँटीनमध्येही आपण हेच सांगता म्हणे. क्लासमध्येही मी ऐकलं. जुनं मशीन आपल्याला चांगलं माहीत आहे तर?

खरं सांगितलं असतं तर नापास, आणि घरी. मी हो म्हटलं. अगदी आतून-बाहेरून, असंही म्हटलं. ते का म्हटलं, ते मला माहीत नाही.

साहेबांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, या आता.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
वाचलो. नोकरी आहे. बदली झाली, विश्रांतवाडीच्या गोडाऊनला, सोमवारपासून. आवक-जावक तिथली. बस बदलून जावं लागेल, एवढंच. पण गोडाऊन म्हणजे पंप, गोण्या, रजिस्टर आणि पंखा. एसी नाही, म्हणजे कॉम्प्युटरही नाही. मी फार विचारपूर्वक बोललो होतो, हे आता लक्षात येतं. ठामपणे मत मांडणाऱ्या माणसाचं कोणी वाकडं करत नाही.

भाग्यश्रीने पुरणपोळी केली. सृष्टीने व्हिडिओ गेम खोक्यात भरून माळ्यावर टाकला. हरकत घेतली नाही. गरज संपली.

सोमवार, २० ऑक्टोबर. दुपारी १.१५. गोडाऊन
पावणेनऊला पोचलो. गोडाऊन कीपर मैनुद्दीनभाई दारातच उभे होते, पांढरी दाढी, हातात माझ्यासाठी चहा. म्हणाले, टिल्लूसाहेब, बरं झालं आपण आलात, आम्ही चार महिने वाट बघतोय. आत नेलं. टेबलावर प्लास्टिकचं कव्हर घातलेली वस्तू. त्यांनी कव्हर काढलं.

काळा पडदा. हातभर फ्लॉपीची फट. हेड ऑफिसमधलं जुनं मशीन त्यांना दिलं होतं. सगळा माल त्यात चढवायचा आहे. इथे कोणालाच येत नाही, नाजिमाला हे मशीन माहीत नाही, आणि साहेबांनी फोनवर सांगितलं होतं की जुन्या मशीनचा पुण्यातला सर्वांत जाणकार माणूस पाठवतोय. मैनुद्दीनभाईंनी हे मला तीनदा सांगितलं. अभिमानाने.

हमाल, दोन कारकून, ट्रकचा ड्रायव्हर, सगळे बघायला आले. मी खुर्चीवर बसलो. चालू करायचं बटण समोर नव्हतं. बाजूला नव्हतं. मैनुद्दीनभाईंनीच मागे हात घालून ते दाबलं. पडदा काळाच राहिला, मग एका कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकायला लागली. एवढंच. बाकी काही नाही. ती रेघ माझी वाट बघत होती.

मला भीती वाटली. उकाडा नव्हता, एसी नव्हता, उदबत्ती नव्हती. नुसती भीती. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

मैनुद्दीनभाईंनी विचारलं, साहेब, आता काय करायचं? मी म्हटलं, आधी सगळ्यांनी चपला बाहेर काढून या, जुन्या मशीनला धूळ चालत नाही.

सगळे गेले. चपला काढल्या. आणि परत येऊन उभे राहिले.