‘ही’ म्हणजे कोण

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, अविवाहित, व्यवसाय मोठ्या माणसांना इंग्रजी वाक्ये लिहायला शिकवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भीती मात्र आहे. भीती आहे असे मृत्युपत्रात लिहितात का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, “बाई, मन ठिकाणावर असल्याशी मतलब. भीती काय, सगळ्यांनाच असते.” म्हणून लिहिले.

गुरुवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. ती डावीकडे आहे, बोलण्याच्या जागेला चिकटून. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून समजावले. जीव बहुधा वाचेल म्हणाले, पण वाक्ये जुळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मरणाची भीती मी एक वेळ गिळली असती. पण कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे, आणि समोर माझी धाकटी बहीण डोळे पुसत अंदाज बांधते आहे, हे मला गिळवत नाही. तेव्हा जे सांगायचे ते बुधवारच्या आत सांगून मोकळे व्हायचे आहे.

कलम एक. हे मृत्युपत्र मी मुद्दाम मराठीत करत आहे. भाचा म्हणाला, “मावशी, जन्मभर इंग्रजी शिकवलंस, मग इंग्रजीतच कर की. एका पानात बसेल.” बसेल, पण मला ते नको. मराठीत ‘आपले’ आणि ‘त्याचे’ हे दोन वेगळे शब्द आहेत. भावाने आपले घर विकले म्हणजे स्वतःचे विकले, त्याचे घर विकले म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी. इंग्रजीत दोन्हींना ‘हिज’. माझ्या पश्चात कोर्टाच्या किंवा बँकेच्या कामासाठी भाषांतर करावे लागलेच, तर त्यात एकही सर्वनाम वापरू नये. दर वेळी नाम लिहावे. वाचणारा कंटाळला तर कंटाळू द्या.

विद्यार्थी मला ‘ही-कोणबाई’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. वाक्यात इंग्रजी ‘ही’, म्हणजे आपला ‘तो’, आला की मी विचारते, “हा ‘ही’ कोण?” ड्रायव्हर, नर्स, कारकून, सगळ्यांना विचारले. नव्या माणसाला वाटते, बाई खोलीत शिरलेल्या कुठल्याशा बाईबद्दल विचारताहेत, आणि तो दाराकडे बघतो. मग वर्ग हसतो. मीही हसते, पण मला त्यात कधी गंमत वाटली नाही.

कलम दोन. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या धाकट्या बहिणीला. घरात ती तहहयात राहील. तिच्यानंतर घर भाच्याचे. मी इस्पितळात तपासणीला गेले असता भाच्याने बाहेरच्या खोलीचे टेपने माप घेतले, हे मला बहिणीने सांगितले. विचारले तर म्हणाला, “कपाट बसतं का बघत होतो.” बहिणीच्या हयातीत त्या खोलीत भाच्याचे कपाट बसणार नाही. (पहिल्या मसुद्यात मी ‘तिच्या हयातीत त्याचे कपाट’ लिहिले होते. खोडले.)

कलम तीन. वर्गातली बाके खालच्या शिंप्याला. वर बाके सरकली की त्याचे टाके चुकतात, अशी तक्रार तो बारा वर्षे करतो आहे. आता बाके त्याच्याच डोक्यावर, म्हणजे त्याच्याच दुकानात. शब्दकोश बहिणीने ठेवावा. ती तो उघडणार नाही, पण खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिला तो लागतो.

कलम चार. हे कलम मी चौदा वेळा लिहिले आणि चौदा वेळा फाडले. चौतीस वर्षांपूर्वी मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात अहवाल लिहिण्याच्या कामावर होते. नोकरी लागून तीन महिने झाले होते. मुलाखतीत मी इंग्रजी चांगले येते म्हणून सांगितले होते आणि ते धादांत खोटे होते. वडील गेलेले, बहीण शिकत होती. रोज कामावर जाताना वाटायचे, आज कोणीतरी पकडणार.

एका सकाळी बॉयलरच्या खोलीत वाफेचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि एका कामगाराचे दोन्ही हात भाजले. मी वही घेऊन धावले. तिथे फोरमन बॉयलर ऑपरेटरचा दंड धरून म्हणत होता, “माझ्या हातून राहिला रे. व्हॉल्व्ह मीच बंद करायचा होता.” हे मी माझ्या कानांनी ऐकले आणि वहीत लिहिले: फोरमनने ऑपरेटरला सांगितले की आपल्या हातून व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. मराठीत त्यात संशयाला जागा नाही. मग टेबलाशी बसून इंग्रजी केले: द फोरमन टोल्ड द ऑपरेटर दॅट ही हॅड नॉट क्लोज्ड द व्हॉल्व्ह. दोनदा वाचले. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. मला वाटले, जमले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. कागदावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, यातला ‘ही’ म्हणजे ऑपरेटरच ना?” त्या क्षणी मला पहिल्यांदा ते वाक्य दिसले. ‘ही’ दोघांतला कोणीही होऊ शकत होता, आणि वाचणारा ऑपरेटरच धरणार होता. फोरमन साहेबांच्याच मागे उभा होता. तो मालकांचा मेव्हणा. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. ‘नाही’ म्हणायचे तर मला इंग्रजी येत नाही हे कबूल करावे लागले असते आणि मालकांच्या मेव्हण्याचे नाव घ्यावे लागले असते. माझी पाचावर धारण बसली. मी मान हलवली, होकाराची. एक शब्दही बोलले नाही, हे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत राहिले, जणू न बोलल्याने काही कमी होते.

ऑपरेटरला निष्काळजीपणाचा शेरा मारून काढले. तो शेरा पाहून पुढे एकाही कारखान्याने ऑपरेटरला बॉयलरजवळ उभे केले नाही. ऑपरेटरने गोदामांवर राखणदारी केली. फोरमन आता हयात नाही. वाक्य कसे चालते, कोणता शब्द कोणाला धरून असतो, हे मी त्यानंतर शिकले. विद्येच्या आवडीने नव्हे, भीतीपोटी शिकले. तेच वाक्य मी आता नीट लिहिते: द फोरमन सेड, “आय डिड नॉट क्लोज द व्हॉल्व्ह.” ज्याचे शब्द त्याच्याच तोंडी दिले, की गोंधळ उरत नाही. नऊ शब्द आहेत. मला चौतीस वर्षे लागली.

कलम पाच. माझ्या चिठ्ठ्यांचा डबा (कर्ता निळ्या कागदावर, क्रियापद लाल, कर्म पिवळ्या) आणि त्या जुन्या वहीचे मूळ पान मी ऑपरेटरच्या मुलीला देते. ती नर्स आहे. नऊ वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात आली. पहिल्या दिवशी सगळ्यांना वडिलांवर चार वाक्ये लिहायला सांगितली होती. तिने लिहिले, माय फादर वॉज बॉयलर ऑपरेटर. पुढे कारखान्याचे नाव. माझ्या हातातला खडू पडला. बहिणीला वाटले चक्कर आली, म्हणून तिने लिंबूपाणी आणले. तेव्हापासून ही मुलगी दर शनिवारी येते, आता शिकायला नव्हे, नुसती बसायला. माझे रिपोर्ट तीच वाचून दाखवते. दर शनिवारी वाटते, आज सांगावे, आणि दर शनिवारी मी तिला आर्टिकलांबद्दल काहीतरी सांगते.

मी मेल्यावर तिने हे वाचावे, म्हणजे तिचा चेहरा मला बघावा लागणार नाही, असा माझा बेत होता. मसुदा वाचून वकीलसाहेबांनी चष्मा काढला.

“ऑपरेटर आहेत का अजून?”

“आहेत. शहात्तर.”

“मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडतं, बाई. तुम्ही ऐंशी वर्षं जगलात तर?”

त्यांनी कागद सारखे केले आणि विचारले, “साक्षीदार कोण?” एक ते स्वतः. दुसरी म्हणून मी ऑपरेटरच्या मुलीचे नाव सांगितले. ते म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, डबा रद्द होईल. शिवाय साक्षीदार फक्त तुमची सही बघतो, आतला मजकूर वाचायची गरज नसते. मी म्हटले, “डबा रद्द होऊ दे. न वाचता सही करायची नाही, हे मीच तिला शिकवलंय. ती वाचणार.”

कलम सहा, आज दुपारी माझ्या हाताने जोडलेले. ऑपरेटरची मुलगी तीन वाजता आली; वकीलसाहेब आधीच येऊन बसले होते. मी कागद पुढे केला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. तिने सगळे वाचले. चौथ्या कलमाशी ती बराच वेळ थांबली. बहीण चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला.

मग ती म्हणाली, “बाई, मी साक्षीदार नाही होणार.”

मी म्हटले, “बरोबर आहे तुझं.”

“तसं नाही. तेव्हा मी दोन वर्षांची होते. मी कसली साक्ष देऊ? मला सोडायला आलेले बाबा खाली शिंप्याकडे बसलेत. त्यांना घेऊन येते.”

“आज? आत्ता?” मी म्हटले. “त्यांना काय सांगशील?”

“काही नाही. वाचतील ते.” दारात ती थांबली. “तुमच्या क्लासला मला बाबांनीच पाठवलं होतं. मी दुसरीकडे नाव घातलं होतं, ते काढायला लावलं. का, ते नाही सांगितलं कधी.”

हे लिहीत असताना जिन्यावर पावले वाजत आहेत. एक पाऊल हलके, एक सावकाश, मध्ये थांबत. मला पळून जावेसे वाटते आहे. मी इथेच बसले आहे. डबा मुलीलाच राहील, कारण साक्षीदार ती नाही.

स्थळ: माझ्या घराची बाहेरची खोली. दिनांक: मंगळवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी.

लिहून ठेवणारीची सही: केली. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार एक: वकील. समक्ष सही केली.

साक्षीदार दोन: बॉयलर ऑपरेटर. कलम चार वाचले. खरे आहे. त्या दिवशी साहेबांनी मलाही बोलावले होते, मी केबिनच्या दारात उभा होतो. बाईंनी मान हलवली ती मी पाहिली होती.