चष्म्याचा वाढदिवस

प्रिय ठकू,

फोनवर तू विचारतेस, पट्ट्या लावून झाल्या का, आणि मी म्हणते, होत आल्या. खरं सांगू? एकही लावलेली नाही. वृद्धसेवा केंद्राच्या मेट्रनबाईंनी दिलेल्या, बाबांचं नाव छापलेल्या त्या कापडी पट्ट्या अजून पाकिटातच आहेत. सोमवारी त्यांना तिकडे कायमचं राहायला न्यायचं. तोवर प्रत्येक शर्टाला, पायजम्याला, अगदी रुमालालासुद्धा एकेक टाचायची. काम असं कितीसं आहे? तुझे शाळेचे गणवेश मी एका दुपारी शिवून मोकळी व्हायची. पण आता सुई हातात घेतली की मला नेमकं दुसरंच काहीतरी आठवतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

ते दुसरं म्हणजे दुकानाची कार्डं. बाबांचा तो खुळा उद्योग तुला आठवत असेलच. गिऱ्हाइकानं चष्मा नेला की वर्षानं त्याच्या घरी कार्ड हजर: 'आपल्या चष्म्याला आज वर्ष पूर्ण झालं. त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. एकदा येऊन जा, मी दुकानात असतोच.' लोक म्हणायचे चष्मेवाल्याचं डोकं फिरलंय, आणि तेच कार्ड हातात घेऊन यायचेही. दुकान विकल्यावर उरलेली खोकी आपण माळ्यावर टाकली होती. ती मी खाली काढली. हो, स्टुलावर चढून, या गुडघ्यानं. ओरडू नकोस. सकाळी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला की ते सह्या करत बसतात. जेवलो की नाही हे आठवत नाही, पण सही तश्शीच, शेवटी शेपटी ओढून. तेवढा वेळ तरी ते दाराची कडी काढून रस्त्यावर जात नाहीत. समोर बसून मी जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते घालते. पट्ट्यांचं पाकीट मला दिसत असतं. मी त्यावर खोक्याचं झाकण ठेवते.

आता हसशील. पत्ते घातले, तिकिटं लावली आणि एक दिवस बाजारात जाताना मी वेडीनं तो गठ्ठा पोस्टाच्या पेटीत टाकूनही आले. इतक्या वर्षांची सवय, हात ऐकतात थोडेच! आपल्या दुकानात हल्ली मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्याच्यापुढे म्हातारी माणसं कार्डं नाचवत उभी. बिचाऱ्याचा फोन आला, काकू, माझ्या गळ्यात हे काय घातलंत म्हणून. मी पोट धरून हसले, किती दिवसांनी! मग एक गाणं शिकवणाऱ्या बाई पत्ता काढत घरीच आल्या. चष्म्याची काडी निखळलेली. बाबांनी तो त्यांच्या हातातून घेतला, डबीतून बारीकसा स्क्रू शोधला, बसवला, काचा पुसल्या, आणि चष्मा त्यांच्या नाकावर ठेवून कानामागे बोट फिरवून पाहिलं. अगदी पूर्वीसारखं. मला वाटलं, बरे झाले हे. बाई गेल्यावर मला म्हणाले, दुकानाला कुलूप घाला. मी कपाटाला घातलं.

दुपारी सिनेमा. तू आणून दिलेल्यातला तोच एक, जाडा हवालदार पाण्याच्या टाकीत पडतो तो. बाकीचेही विनोदी आहेत म्हणे, पण यांना तोच लागतो. हवालदार टाकीपाशी पोचायच्या आधीच यांचं हसू सुरू. मग मला विचारतात, तुम्ही पाहिलाय का हा? जन्मभर 'अगं' म्हणणारा माणूस हल्ली मला अहो-जाहो करतो. मी म्हणते, नाही, आजच पाहतेय. सिनेमा संपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि पट्ट्या उद्यावर जातात.

सोमवार रद्द कर असं सांगायला हे लिहीत नाहीये. परवा ते न्हाणीघरात पडले. मला उचलवेना. शेजारच्या सुताराला हाका मारमारून मी रडकुंडीला आले. मला आता त्यांना सांभाळणं जमत नाही, ठकू, आणि पाठवणंही जमत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काल सह्या करता करता ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, बाई, तुम्ही डोळे बारीक करून बघता, नंबर वाढलेला दिसतोय. खरंच वाढलाय गं. माझे डोळे त्यांच्याशिवाय कधी कुणी तपासलेच नाहीत. मग म्हणाले, पत्ता सांगा, तुम्हालाही एक कार्ड पाठवतो. मी आपल्याच घराचा सांगितला. त्यांनी नीट लिहून घेतला, सही केली, आणि कार्ड माझ्याच हातात दिलं, पेटीत टाका म्हणून. ते माझ्या उशीखाली आहे. एकदा येऊन जा, मी दुकानात असतोच. तू रविवारी ये. पट्ट्या तूच लाव. मला सुईचं नेढंसुद्धा दिसत नाही.

तुझीच,
आई