ताईच्या गावचं पाणी

प्रिय ताईस वाकून नमस्कार. (वाकलो तशी कंबरेत उसण भरली, तेव्हा आशीर्वाद जरा सढळ हाताने दे.) आम्ही इथे खुशाल आहोत. तू खुशाल असल्याचं फॅमिली ग्रुपवरच्या तुझ्या सुविचारांवरून समजतं.

बातम्या बंद, रोज सकाळी पोथीच्या दोनच ओव्या, सावकाश, अर्थ मुरवत, हा तुझा उपदेश मी शिरसावंद्य मानला. केबल तोडली, पेपर बंद केला. परिणाम असा, की बसचा संप असल्याचं साऱ्या शहराला ठाऊक आणि मी एकटा थांब्यावर ओवी घोळवत उभा. (चिंतन उत्तम झालं. ऑफिसात साहेबांनी मात्र ते ऐकून घेतलं नाही.)

आईची दृष्टी अधू, म्हणून मी मोठ्याने वाचतो. इतकी वर्षं बातम्या ऐकून माझा सूरच तसा झालाय. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "कोण गेलं रे?" सावकाश वाचावं, तर पुढचा चरण ती आधीच म्हणून मोकळी होते, सगळी पोथी तिला पाठ. माझा अर्थ मुरेपर्यंत ती उठून गेलेली असते.

कुठे जाते, ते परवा कळलं. तसले गुडघे घेऊन, जिना उतरून, खालच्या शिवणवाल्या बाईंकडे, टीव्हीसमोर. बाई मशीन थांबवून तिला पडद्याखालची पट्टी वाचून दाखवतात. या वयात बातम्यांचं एवढं वेड बरं नव्हे, म्हणून मी तणतणलो. (वाक्य तुझंच, ग्रुपवरून उचललेलं.) तर शांतपणे म्हणाली, "पोथीत पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. ताईच्या गावात पाणी किती चढलं, ते कुठल्या अध्यायात आहे?"

तो प्रश्न तुझ्याकडेच पाठवतोय. उत्तर आलं तर कळव, फक्त सुविचार नको. तुला मनःशांती लाभली याचा आनंद आहे, पण ती तू आईच्या वाट्याची उचलून नेलीस असं वाटतं, आणि त्याचा मला राग येतो.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. केबल परत जोडून घेतोय. आईचा जिना तरी वाचेल.

आणखी एक ता. क. पाणी ओसरलं असेल तर आईला फोन कर. ग्रुपवर लिहू नकोस, ती ग्रुपवर नाही. बोलायला काही सुचलं नाही तर त्याच दोन ओव्या वाचून दाखव. कितीही सावकाश वाच. पुढचा चरण ती आधी म्हणणार नाही.