मडगार्डापुरता उजेड

२ ऑगस्ट

हिशेब. एलईडी बल्ब नव्वद रुपये, त्यावर एक फुकट. तो आणायला वरवंडहून दौंडला मोटरसायकल, पेट्रोल शंभर. गेलोच आहे तर मिसळ, ऐंशी. फुकटचा बल्ब तिसऱ्या दिवशी मेला. बदलायला पुन्हा पेट्रोल शंभर. दुकानदार म्हणाला, चाचा, फुकटच्या मालाला वॉरंटी नसते. एकूण तीनशे सत्तर. घरात उजेड एका बल्बचा, तोही स्वयंपाकघरात, जिथे मी बसत नाही.

किळस आली.

ठराव: इथून पुढे घरातले आणि वर्कशॉपमधले दिवे मी स्वतः अभ्यास करून निवडणार. बिल निम्म्यावर आणणार. चार पत्रे आणि उसनी स्प्रे गन एवढ्यावर हायवेला ट्रॅक्टर-ट्रॉली रंगवायचं वर्कशॉप उभं केलेल्या माणसाला बल्ब निवडणं काय जड आहे?

३ ऑगस्ट

पोपटराव ट्रॅक्टर सोडून गेले. निळा. बॉनेट कंपनीच्या मूळ रंगात. दोन्ही मडगार्ड ठोकलेले, ते बॉनेटला मॅच करायचे. म्हणाले, इनुसभाई, मडगार्ड मनाजोगतं झालं की साही ट्रॉल्या तुमच्याकडंच, कारखाना सुरू व्हायच्या आत. सहा ट्रॉल्या म्हणजे पुरा सीझन.

सद्दाम (मुलगा, वय तीस, अक्कल यायची आहे) म्हणाला, अब्बा, हडपसरला कॉम्प्युटरवर शेड काढून मिळते, डबा तयारच आणतो. मी म्हणालो, तुझा कॉम्प्युटर जन्मायच्या आधीपासून हे डोळे शेड काढतायत. काडी बुडवायची, बघायचं, झालं. आजवर एक पत्रा परत आलेला नाही. ज्या दिवशी माझी शेड चुकेल त्या दिवशी गन तुझ्या हातात देऊन मी खाटेवर पडून राहीन.

उठून डबे पुसायला गेला. जाणारच.

६ ऑगस्ट

अभ्यास पूर्ण. विश्वजीतच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात पाऊण तास. वॉट म्हणजे दिवा खातो किती. ल्युमेन म्हणजे उजेड देतो किती. वॉर्म म्हणजे पिवळा, कूल डे लाइट म्हणजे दुधासारखा पांढरा. हे सगळं मला होतंच माहीत, आज फक्त कळलं. जुन्या ट्यूबा चोकसकट पन्नास वॉट खायच्या, नव्या वीस. वर्कशॉपला चार घेतल्या, घरी चार बल्ब. सगळा पांढरा माल.

निघताना विश्वजीत आतल्या माणसाला हळूच म्हणाला, चाचा लई किचकट गिऱ्हाईक हाय. तीस फुटांवरून ऐकलं. कान असे आहेत माझे. कौतुकच म्हणायचं ते.

७ ऑगस्ट

ट्यूबा लावल्या. पिवळ्या!

खोक्यावर डे लाइट, आत हळदीचं दूध. सद्दाम म्हणतो पांढऱ्या आहेत, डोळ्यांवर येतात. हमीदा घरातून ओरडली, अस्पताल बना दिये घर को. मायलेक एका सुरात बोलले की समजायचं, आधीच बोलणं झालंय.

चष्मा पुसला. पुन्हा पुसला. पिवळ्याच.

१० ऑगस्ट

विश्वजीतकडे परत. त्याने माझ्यासमोर दुकानात ट्यूब लावली. तिथेही पिवळी. मी म्हणालो, बघ. तो म्हणाला, काय बघू? मग म्हणाला, चाचा, ह्याच्यापेक्षा पांढरं फक्त चितळ्यांची म्हैस देती. चितळे कोण विचारलं, तर म्हणाला त्याच्या मामाचे शेजारी. हसले सगळे. गिऱ्हाइकाला हसणारा दुकानदार! शी.

बदलून दिल्या. नव्याही तशाच. अख्खा लॉट खराब आहे.

१७ ऑगस्ट

आता इलाज एकच, पॉवर. पन्नास वॉटचा फ्लडलाइट घेतला. वॉट वाढले, पण वीज वाचवणाऱ्या जातीचे वाढले.

जाता जाता: रात्री हायवेच्या ट्रकांच्या हेडलाइटभोवती हल्ली गोल कडी दिसतात. नवीन फॅशन. कंपन्यांना कामं नाहीत.

२३ ऑगस्ट

जुम्म्याला घातलेला पांढरा कुर्ता पिवळट. हमीदाला म्हणालो, साबण बदल. ती म्हणाली, याच साबणात आयुष्य गेलं. मशिदीत बघतो तर सगळ्यांचेच कुर्ते पिवळट. गावभर एकच बोगस साबण विकला जातोय आणि कोणाला पडलेली नाही.

२८ ऑगस्ट

शंभर वॉटचा दुसरा फ्लडलाइट. उजेड हायवेपर्यंत. काल संध्याकाळपासून तीन ट्रक आत वळले. एक ड्रायव्हर उतरून म्हणाला, दो दाल तडका, रोटी गरम. मी हातात गन घेऊन उभा. शेजारी पंक्चर काढणारे सोपानराव म्हणाले, इनुसभाई, खाटा टाका चार, ट्रॅक्टरपरीस जास्त सुटतील.

त्याच उजेडाला पावसाळी पाखरं आली. प्रायमर ओला. सकाळी मडगार्ड बघितलं तर अंगभर तीळ लावल्यासारखं. पंख, पाय, सगळं चिकटलेलं. पॉलिश पेपर मारून पुन्हा पहिल्यापासून. हाताला अजून वास आहे. जेवण गेलं नाही.

४ सप्टेंबर

अपमान झाला, पण चूक दिव्याची.

साडू अलीम आला. त्याची नवी बॅटरीवरची स्कूटर, आवाजच नाही. एरवी मी मान वर न करता सांगतो कोण आलं. पोपटरावांची बुलेट, विश्वजीतची खडखडती चेन, सोपानरावांच्या चपलेचा खिळा. हा बिनआवाजाचा आला आणि बाकड्यावर बसला. मला वाटलं पुट्टीचं पोतं. त्याच्यावर हात टेकून उभा राहिलो. पोतं म्हणालं, भाईजान, खांदा दुखतोय.

एलईडीचा उजेड वरून पडतो, तोंडावर अंधार राहतो. ही मोठी त्रुटी आहे. खोक्यावर लिहीत नाहीत.

९ सप्टेंबर

शेड काढली! निळ्यात किंचित पिवळा, परत निळा, परत पिवळा, थेंबाथेंबाने. दीडशे वॉटखाली काडी बॉनेटला लावून धरली. काडी कुठली आणि बॉनेट कुठलं, ओळखता येईना. याला म्हणतात मॅचिंग. सद्दामला बोलावलं. त्याने काडी बॉनेटला लावून बघितली, म्हणाला, अब्बा, उद्या उन्हात बघू. उन्हात बघायचं तर एवढे दिवे कशाला आणले?

लगेच रंग मारून टाकला. दोन्ही मडगार्ड, तीन हात. पाखरं थोडीच.

१२ सप्टेंबर

पोपटराव सहकुटुंब ट्रॅक्टर न्यायला. ट्रॅक्टर उन्हात काढला. पोपटराव एकदा या बाजूने फिरले, एकदा त्या बाजूने. बॉनेटला हात लावला, मडगार्डाला लावला. माणूस भारावला की असाच होतो. शेवटी म्हणाले, इनुसभाई, लई म्हेनत घेतली तुम्ही.

सारजावहिनी म्हणाल्या, अगं बया, हे तर माझ्या साखरपुड्याच्या साडीवानी, अगदी मोरपंखी!

बायकांना रंगातलं कळतं. पैसे रोख मिळाले. ट्रॉल्यांचं विचारलं तर पोपटराव म्हणाले, दसऱ्यानंतर बघू की.

१३ सप्टेंबर

झोप नाही. काल पोपटराव निघताना सद्दामला सोपानरावांच्या टपरीच्या मागे घेऊन गेले. त्यांना वाटलं कंप्रेसर चालू आहे, ऐकू जाणार नाही. मला कंप्रेसरच्या पलीकडचंही ऐकू येतं. म्हणाले, तुझ्या अब्बाच्या तोंडावर न्हाई बोलायचो मी. माझ्या बापाच्या पहिल्या गाडीला रंग त्यांचाच हाय. पर ट्रॉल्या तू मारणार असशील तर सांग, न्हाईतर मला दुसरीकडं जावं लागंल.

आणि हा पोरगा पोपटरावांना म्हणाला, मी बघतो आबा.

मी बघतो! काय बघणार? कट आहे सरळ. मशीन आणायचं, शेड हडपसरहून आणायची आणि बापाला खाटेवर टाकायचं.

जेवताना मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने माझ्या ताटात मटणाची बोटी वाढली. तीही खाल्ली नाही. नंतर खाल्ली.

१९ सप्टेंबर

सगळ्याचं मूळ सापडलं. सीआरआय! विश्वजीतनेच सांगितलं, आता, दीड महिन्याचा गल्ला जमल्यावर. दिव्याखाली रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा. स्वस्त दिव्यांचा कमी. आधी का नाही सांगितलंस विचारलं, तर म्हणे तुम्ही बोलू दिलं का? नव्वदच्या वरचा पुण्याहून मागवला. किंमत लिहीत नाही, हमीदा कपाट आवरते.

ठराव: या दिव्याखाली एक ट्रॉली मी रंगवणार, पोपटरावांच्या दारात नेऊन लावणार.

२५ सप्टेंबर

नव्वदच्या वरचा आला. पिवळा.

माझ्या तोंडून शिवी गेली. सोपानराव पंक्चर सोडून बघायला आले.

२७ सप्टेंबर

लाइटबिल. निम्मं नाही. दीडपट. एलईडी घेतले नसते तर किती आलं असतं याचा कोणी विचार करत नाही.

३० सप्टेंबर

अलीमने कामाची बातमी आणली. शिरूरला डोळ्यांच्या एका दवाखान्यात असे दिवे बसवलेत की रंग जसाच्या तसा दिसतो. म्हणाला, भाईजान, एकदा डोळ्यांखालून घाला. माझ्यासारख्याचं मत त्यांनाही उपयोगी पडेल. हमीदा म्हणाली, मीही येते, सहज.

दारात दोघं कुजबुजत होते. नंबर लागलाय, सकाळचा. एसटीचं रिझर्वेशन असणार.

४ ऑक्टोबर

शिरूर. दिवे बरे वाटले. किंचित पिवळे. काउंटरवर कंपनी विचारली, त्यांनी माझं नाव विचारलं. सांगितलं, तर यादीत आधीच होतं. हमीदा भिंतीवरचा तक्ता वाचत बसली. तिला तो दिसत होता.

अपेक्षा नावाची डॉक्टर, सद्दामच्या वयाची. खोलीत अंधार केला. दिव्यांच्या दवाखान्यात अंधार! उजव्या डोळ्यात उजेड टाकून म्हणाली, काका, मोतीबिंदू पिकलाय. डाव्यातही सुरुवात आहे. सगळं पिवळट दिसत असेल ना? दिव्यांभोवती कडी?

मी म्हणालो, ते कंपन्यांमुळे.

ती म्हणाली, निळा रंग ओळखायला त्रास होतो?

मी म्हणालो, मी पेंटर आहे.

तिने हमीदाकडे बघितलं. मला हमीदाचा श्वास ऐकू आला.

५ ऑक्टोबर

विश्वजीत बल्ब विकतो, डॉक्टर ऑपरेशन विकते. एकावर एक फुकट आहे का विचारायचं राहिलं.

८ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. पोपटरावांचा फोन नाही. कारखान्याचे भोंगे टेस्टिंगला वाजायला लागले. सद्दाम गन रोज धुऊन, तेल लावून माझ्याच खिळ्याला अडकवतो. मी न बघितल्यासारखं करतो.

हमीदा भाकरी थापता थापता म्हणाली, पोरगा तुमची शेड चुकली म्हणत नाही, पोपटरावांना म्हणाला, अब्बांचे डोळे दाखवून आणतो, तोवर थांबा. ‘मी बघतो’ म्हणाला ते हे.

कान तिखट असले तरी मधलं वाक्य सुटतं कधीकधी. कंप्रेसर फार आवाज करतो.

ठराव: ऑपरेशन करून घेणार. म्हणजे सिद्ध होईल की दोष दिव्यांचाच होता आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील.

१६ ऑक्टोबर (हमीदाला सांगून लिहून घेतोय)

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. दवाखान्यात डबा बरा होता, चहा पाणचट. धूळ, धूर, रंग सगळं बंद. खाट वर्कशॉपच्या मागच्या खिडकीशी टाकून घेतली.

पोपटरावांच्या ट्रॉल्या आल्या. सद्दामने हडपसरहून डबे आणले. मी झाकणांच्या आवाजावरून डबे मोजले.

दुपारभर गन ऐकली. सुरुवातीला प्रेशर जास्त होतं, मग कमी केलं. हात एका चालीत जातो, टोकाला रेंगाळत नाही. ओघळ पडला असता तर आवाजात कळलं असतं. नाही पडला. हे हमीदाने लिहू नये. लिहिलं तिने.

१७ ऑक्टोबर

पट्टी काढली, काळा चष्मा. स्वयंपाकघरात गेलो तर डोळा दिपला. विचारलं, कोणता दिवा लावलाय एवढा? हमीदा म्हणाली, तोच, नव्वद रुपयांचा.

संध्याकाळी वर्कशॉप. सद्दामने फ्लडलाइट उतरवून ठेवलेत, पुण्याचा महागातला पण. चारच ट्यूबा जळतात. डावा डोळा झाकला, पांढऱ्या. उजवा झाकला, पिवळ्या. पुन्हा करून बघितलं. सोपानरावांना वाटलं मी डोळा मारतोय.

२ नोव्हेंबर

कारखाना सुरू. चौकात पोपटरावांचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून उभा होता. ट्रॉल्या सद्दामच्या, एक शेड, कुठे डाग नाही. पोपटराव खाली उतरले, म्हणाले, बरं दिसतंय का आता, इनुसभाई?

सकाळचं ऊन होतं. बॉनेट निळं आहे. मडगार्ड मोरपंखी आहे.