साक्षीदाराची जागा

प्रिय कुनी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. सोबतचा योहेइच्या दत्तकाचा फॉर्म मी देव्हाऱ्याखालच्या खणात सारला आणि वर फुसाएचे लोकरी मोजे टाकले, म्हणजे नजरेला पडायला नको. चौतीस वर्षांच्या घोड्याला दुसऱ्याचं आडनाव लावायचं असेल तर बापाची परवानगी लागत नाही, हे आमच्या नगरपालिकेतल्या पोरीने मला हसतहसत सांगितलं. तरी तू साक्षीदाराची जागा माझ्यासाठी कोरी ठेवलीस. हा तुझा चांगुलपणा की डिवचणं, हे शाळेपासूनचा दोस्त असूनही मला ठरवता येईना.

योहेइला मीच तुझ्याकडे धाडला, हे विसरलेलो नाही. आमच्याकडे बर्फ पडलं की शेतात काम नसतं. तू म्हणालास, एक हिवाळा पाठव, माझ्या दारूच्या कारखान्यात तांदूळ धुवेल, चार माणसांत राहील. त्या एका हिवाळ्याचे अकरा झाले. तुला मूलबाळ नाही, तुझ्या साकेला वारस हवा, आणि वारस सापडला तो मी लहानाचा मोठा केलेला! आयत्या बिळावर नागोबा तो हा कुनीच, असं मी फुसाएला म्हणालो. तर ती म्हणते, "अहो, बिळानेच नागोबाला आवतण दिलंय, त्याला काय करता?" पन्नास वर्षांचा संसार, पण बाई एकदाही माझ्या बाजूने बोलली नाही.

योहेइ नववर्षाला घरी आला तेव्हाची गोष्ट. आईने हौसेने नात्तो वाढला, तर हा नाक धरून पार ओसरीवर जाऊन बसला. "आई, हे चिकट सोयाबीन माझ्यापासून लांब ठेव. याचा अंश जरी आमच्या तांदळाच्या बुरशीला लागला, तर सगळी साके नासेल आणि ओयास्सान मला उंबऱ्याबाहेर उभं करतील." कारखान्यात तुला सगळेच ओयास्सान, म्हणजे बाप, म्हणतात, ते नात्याने नव्हे, मुख्य कारागिराचा मान म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्याच जेवणाच्या मेजावर ते ऐकणं वेगळं.

म्हणून परवा तुमच्या सैजोच्या साके-उत्सवाला मी गुपचूप येऊन गेलो. सकाळची एका डब्याची गाडी धरली, मियोशीला बदलली, हिरोशिमाला पुन्हा बदलली. पुढे तर उत्सवाचीच गर्दी. एका पोरीने उठून जागा दिली, वर म्हणाली, "आजोबा, आत्ताच बसून घ्या. परतीला आम्ही आडवे असू, तुम्हाला पाय ठेवायला जागा मिळायची नाही!"

खोटं कशाला बोलू, मी खोड काढायलाच आलो होतो. तुमच्या मांडवापुढे एका जाडजूड गृहस्थाच्या आडोशाला उभा राहिलो, पेला भरून घेतला आणि साके जिभेवर घोळवत दोष शोधू लागलो. सापडेना. दुसरा पेला मागितला तेव्हा माझा मलाच राग आला.

तेवढ्यात योहेइचा आवाज आला. "ओयास्सान!" माझी मान आपोआप वळली. हातसुद्धा वर गेला, पेल्यासकट; निम्मी साके बाहीत सांडली. तो माझ्यावरून पलीकडे पाहत होता. मागून तू बाटल्यांचा खोका उचलून येत होतास. त्याने धावत येऊन खोका हिसकावला आणि चारचौघांत तुला झापलं, "कमरेचं काय सांगितलंय डॉक्टरांनी? तरुण असल्यासारखं काय मिरवताय? बसा बघू तिथे!" आणि तू, मुख्याध्यापकांनाही न जुमानणारा कुनी, मुकाट बसलास. वर हसत होतास. माझा हात हवेतच राहिलेला पाहून त्या जाड्याला वाटलं मी त्याच्या आरोग्यासाठी पेला उंचावलाय. "कांपाई!" म्हणून ओरडला. मग काय, पिऊन टाकली.

कुनी, योहेइ मला कधीच ओरडत नाही रे. "बाबा, चहा घेणार का? बाबा, उशी देऊ का?" पाहुण्याशी बोलावं तसं बोलतो. तुझा कारखाना, तुझं नाव, तुझी बक्षिसं, यांचा मी एवढा हेवा केला नव्हता, जेवढा त्या एका झापण्याचा केला. परतीच्या गाडीत तीन तास पोटात नुसता जाळ होता, आणि तो साकेचा नव्हता.

फॉर्म सोबत आहे. साक्षीदाराच्या जागी माझा शिक्का उमटवलाय, जरा तिरका आलाय, चालवून घे. पण नुसता फॉर्मच धाडायचा असता तर पाकीट पुरलं असतं, एवढं लिहायचं कारण नव्हतं. या हिवाळ्यात मला तांदूळ धुवायला ठेवून घे. एकाहत्तरचा असलो तरी पोतं उचलतो आणि गार पाण्याला भीत नाही. योहेइच्या हाताखाली दे. तुमची रीत मला येत नाही, तेव्हा चुका होणार. त्या तू मोठ्या मनाने झाकू नकोस. त्याच्यापर्यंत जाऊ देत.

तुझ्यावर अजून जळणारा, तरी तुझाच,
शिगेमासा