अण्णांची पोटरी

मंगळवार, संध्याकाळ. सांगली, दवाखान्यात

मेंदूतला रक्तस्राव थांबलाय म्हणाले, तेव्हा हायसं वाटलं होतं. आता भीती अण्णांच्या पायाची. डावी पोटरी सुजलीय, हाताला गरम लागतेय.

दुपारी तात्या दहिवडीहून तिळाचं तेल घेऊन आले. सगळा जन्म तालमीत गेलेला माणूस, थोरल्या भावाचा पाय सुजलेला बघून गप्प कसा बसेल? मी चहा घेऊन येते तर हे पोटरी चोळतायत! सिस्टर केवढ्यांदा ओरडल्या.

डॉक्टर म्हणाले, आत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग रक्त पातळ करायचं औषध द्या ना! तर त्यानं मेंदूत पुन्हा रक्तस्राव होईल, ही धास्ती. मग करायचं काय? पायाची सोनोग्राफी झालीय. रिपोर्ट अजून नाही.

“पोरी, ह्या हातानं लय जणांचं पाय बरं केलं गं,” तात्या एवढंच बोलले. रागावू तरी कशी?

ती पोटरी चादरीखाली अजून तेलकटच असेल.

आत्ता अण्णा नुसते खोकले. आम्ही दोघंही ताडकन उठलो. तात्यांनी मात्र हात पाठीमागं घेतले.